दोन मार्चची एकुलती नक्कल

१

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास भिलाईच्या स्मृती नगरातल्या कापगत्यांच्या घरात चोरी झाल्याचं उघडकीस आलं. कुलपं शाबूत होती, कपाट शाबूत होतं, दागिने डब्यात होते. गेले होते ते बारा दिवस.

दिवस गुंजनचे होते. गुंजन ही घरची मोठी सून. दुर्ग-बालोदकडच्या धानाच्या जुन्या जातींवर ती पाच वर्षं प्रबंध लिहीत होती. गावोगाव बांधावर फिरून तिने लोंब्यांचे हजारो फोटो काढले होते. तो प्रबंध सोमवारी सकाळी अकरा वाजता रायपूरच्या विद्यापीठात जमा व्हायलाच हवा होता. दोन मुदतवाढी आधीच घेऊन झाल्या होत्या. तिसरी मिळणार नव्हती, नोंदणीच रद्द होणार होती.

आणि गुरुवारी दुपारी चार वाजता चहाचा अख्खा कप तिच्या लॅपटॉपवर सांडला. लॅपटॉप एकदा फुरफुरला आणि कायमचा गप्प झाला.

गुंजन तरीही घाबरली नाही, कारण जिन्याखाली पेटी होती. सुपेल्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बबलूने दोन वर्षांपूर्वी एका जुन्या संगणकात मोठाल्या डिस्क बसवून हा घरचा सर्व्हर उभा करून दिला होता. घरातले चारही संगणक तारांनी तिला जोडलेले होते. रोज दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाच्या कामाची नक्कल आपोआप पेटीत जायची. नक्कल झाली की ज्याच्या त्याच्या पडद्यावर हिरवी खूण उमटायची. सासरे दौलतराव आल्यागेल्याला ती पेटी नवी गाय दाखवावी तशी दाखवायचे.

शुक्रवारी सकाळी गुंजनच्या नवऱ्याने, शुभमने, स्वतःच्या लॅपटॉपवरून पेटीतला तिचा कप्पा उघडला. वीस फेब्रुवारीपर्यंत रोजची नक्कल होती. मग काहीच नाही. मग दोन मार्चची एक, एकुलती एक. त्यानंतर आजतागायत शून्य. पाचवं प्रकरण आणि निष्कर्ष, दोन्ही तिने दोन मार्चनंतर लिहिले होते.

"असं कसं?" गुंजन म्हणाली. "काल बारालेही हिरवी खूण आली होती. म्या डोळ्यानं पायली."

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. दौलतरावांनी काठी उचलली, फाटकाला आतून कुलूप घातलं आणि फर्मान काढलं.

"कोणी घराबाहेर जाणार नाई. मैनाले बोलवा!"

२

मैनाबाई म्हणजे दौलतरावांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पोलाद कारखान्याच्या हत्यार-स्टोअरच्या खिडकीत तिने एकतीस वर्षं काढली होती. त्या खिडकीतून गेलेला पाना परत आला नाही असं एकदाही झालं नव्हतं. माणूस काय बोलतो ते ती अर्ध्याच कानाने ऐकायची. तो काय बोलायचं टाळतो, तिथे मात्र दोन्ही कान टवकारायची.

ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि आधी गुंजनच्या शेजारी बसली.

"पोरी, रडून घे, पण बाराच्या आत. त्यानंतर मले तुयं डोकं लागन."

"आत्याबाई, पाच वर्षं हायेत हो माही," गुंजन म्हणाली.

या पोरीला उन्हातान्हात बांध तुडवताना मैनाबाईने पाहिलं होतं. पण दया दाखवत बसायला वेळ नव्हता, म्हणून ती उठली आणि जिन्याखाली शिरली.

पेटीचा दिवा जळत होता. चारही तारा जागच्या जागी होत्या. गुंजनच्या तारेवर नावाची चिठ्ठी होती आणि तीही घट्ट खोचलेली होती. चोरीची म्हणून एकही खूण नव्हती.

"तो सुपेल्याचा बबलूच असन," दौलतराव बाहेरून गरजले. "मागच्या पंधरवड्यात धूळ साफ कराले आला होता. त्याच्या नावानं आजच तक्रार करतो."

"भाऊ, जरा दम धरा," मैनाबाई म्हणाली.

तिने चष्मा पुसला आणि तारेजवळ तोंड नेलं. तारेवर, चिठ्ठीच्या मागे, लाल सुताचा एक फास अडकलेला होता. दोन्ही टोकं कात्रीने सफाईने कापलेली होती. असा फास तिने स्टोअरच्या खिडकीतून हजारदा पाहिला होता.

ती कंबरेवर हात ठेवून बाहेर आली.

"या तारेले शटडाऊन टॅग कोणं लावला होता?"

शुभमचा चेहरा खर्रकन उतरला.

३

इथे टॅगबद्दल सांगायला हवं, कारण हे घर त्याच्यावरच चालत होतं. कारखान्यात कोणी यंत्रावर काम करत असला, की त्याच्या बटनाला स्वतःच्या नावाचं लाल कार्ड बांधतो. मग ते बटन दुसरा कोणीही दाबत नाही, साहेबसुद्धा नाही. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. यात चूक झाली तर आत हात घातलेला माणूस मरतो, म्हणून हा नियम कोणी मोडत नाही.

दौलतराव तिथे पस्तीस वर्षं विजेचं काम करत होते. नोकरीच्या सुरुवातीलाच ते जुन्या कार्डांचं एक पुडकं घरी घेऊन आले आणि हौसेने प्रत्येक कार्डावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारून ठेवला. मग गीझरला टॅग, पाण्याच्या मोटारीला टॅग. एकदा मिक्सरला टॅग लावून ते लग्नाला गोंदियाला गेले, तर घर चार दिवस चटणीशिवाय जेवलं. पोरं तान्ही होती तेव्हापासून त्यांच्या अंगात हे भिनलं होतं, की बाबांच्या टॅगला हात लावायचा नाही.

मैनाबाईने शुभमला गच्चीवर नेलं. शुभम दुर्गला रेल्वेत होता. त्याची बदली गोंदियाला होऊ घातली होती आणि प्रबंध झाला की गुंजनला रायपुरातच नोकरी हवी होती. त्यावरून दोघांचं महिनाभर वाजत होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

"टॅग कवा पायला तू?"

"पंचवीस-सव्वीस फेब्रुवारीले. लाईट गेली होती म्हणून पेटी चालू कराले गेलो. गुंजनची तार बाहेर काढून ठेवली होती अन् तिले टॅग होता. बाबांच्या शिक्क्याचा."

"अन् तू गप बसला?"

"आत्या, बाबांचा टॅग! मले वाटलं बाबा काहीतरी दुरुस्ती करून राहिले. आपण कायले हात लावा?"

"बायकोले तरी सांगाचं."

शुभमने मान खाली घातली. "तवा आमचं बोलणं बंद होतं."

मैनाबाईला त्याचा रागही आला आणि कीवही. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःला इतकं लाजिरवाणं कारण देत नाही. ती खाली आली आणि दौलतरावांसमोर उभी राहिली.

"भाऊ, गुंजनच्या तारेले तुमचा टॅग होता."

"माहा?" दौलतराव खुर्चीतून उठायला गेले आणि कळवळून पुन्हा बसले. "अवं, महिना झाला हा गुडघा वाकत नाई. जिन्याखाली मी घुसू कसा? म्या टॅग लावलाच नाई!"

म्हणजे कोणीतरी दौलतरावांच्या नावाआड लपलं होतं. आणि ज्याने हे केलं त्याला पक्कं ठाऊक होतं, की या घरात त्या नावाला कोणी हात लावणार नाही.

४

धाकटा भूषण त्याच्या खोलीत होता. तो लग्नाच्या फिल्म बनवायचा. लग्नसराई जोरात होती. भिंतीवर मुहूर्तांचा कागद लावलेला होता आणि चौदा मार्चपर्यंतच्या तारखांवर एकेक करून काट मारलेली होती. मैनाबाई आत गेली तेव्हा तो फोन कानाला लावून उभा होता. तिला पाहून त्याने फोन खिशात टाकला.

"कोणाले लावून राहिला?"

"कस्टमर हाय, आत्या. उचलत नाई."

"जिन्याखाली कितीदा जातो तू?"

"दर दोन-तीन दिवसांनी. माया फिल्मा भारी असतात ना. पेटीत बरोबर गेल्या का नाई ते पाहाले."

"मंग तुले टॅग दिसला असन."

"टॅग? कोणता टॅग?" भूषण म्हणाला. "नाई बा. म्या काई पायलं नाई."

त्याचा फोन वाजला. त्याने घाईने पाहिलं, चेहरा पडला, पुन्हा ठेवला. मैनाबाईने काही विचारलं नाही. गुंजनशी त्याचं कसं आहे, एवढंच विचारलं.

"वहिनीचे फोटो अन् माया फिल्मा संग संग पेटीत शिरल्या, की सगळं रेंगाळते," तो म्हणाला. "मागं एकदा बोललो होतो तिले. पण भांडण नाई. वहिनी चांगली हाय." शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज ओला झाला.

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा झाला. दौलतरावांनी फोन करून बबलूला बोलावून घेतलं होतं आणि तो अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच त्याच्यावर तोंड सोडलं होतं. बबलू अंगाने किरकोळ, पण घाबरणारा नव्हता. तो सरळ मैनाबाईकडे आला.

"आंटी, दो मार्च को आया था मैं. सफाई की. बहूजी का तार बाहर लटक रहा था."

"अन् लाल कार्ड?"

"था ना, तार में बंधा हुआ. मुझे लगा पूजा-वूजा का कुछ होगा. उसको हाथ नहीं लगाया."

"मंग तारेचं काय केलं?"

बबलू तिच्याकडे पाहतच राहिला. इतका साधा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

"क्या करता? लगा दिया वापस!"

दौलतरावांचा उगारलेला हात तसाच राहिला. मैनाबाई मात्र खुशीत हसली. त्या एकुलत्या नकलेचा जन्म कसा झाला, ते तिला कळलं होतं.

५

साडेअकराला तिने सगळ्यांना बैठकीत बसवलं. गुंजन डोळे पुसून ताठ बसली होती.

"पयले बबलूचं," मैनाबाई म्हणाली. "भाऊ, तुमी ज्याले चोर म्हणून राहिले, त्या एकट्यानंच तार जागेवर लावली. म्हणून दोन मार्चची नक्कल पेटीत हाय. टॅग म्हणजे काय हे त्याले ठाऊक नाई, म्हणून त्याले भेव वाटलं नाई. तो टॅग लावणारा असताच, तर तार कायले लावता? त्याची माफी मागा."

दौलतरावांच्या मिशा थरथरल्या. पण माणूस खरा होता. त्यांनी बबलूसमोर हात जोडले. बबलूने लाजून ते धरले.

"पण तीन मार्चले तार पुन्हा निघाली. म्हणजे ज्यानं पयले काढली, तो पेटीजवळ नेहमी जाते. त्यानं पायलं की कोणीतरी जोडली, अन् परत काढली. शुभम महिन्यातून एकदा जाते, तेही लाईट गेली तर. अन् टॅग पायल्याचं त्यानं तोंडानं सांगितलं. भाऊचा गुडघा वाकत नाई. गुंजन आपलीच तार कायले काढन?" ती भूषणकडे वळली. "अन् एक जण दर दोन-तीन दिवसांनी तिथं जाते. तारेले तीन आठवडे लाल टॅग लटकून होता, तो शुभमले दिसला, बबलूले दिसला. फक्त त्यालेच दिसला नाई म्हणे."

भूषणने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वहिनी..." तो म्हणाला.

दौलतराव काठी टेकत उठले. "माह्या नावाचा टॅग? खोटा टॅग? अरे, त्याच्यापायी माणसं मरतात!"

"बसा भाऊ," मैनाबाईने त्यांना हाताने दाबून बसवलं. "चोर सापडला, पण माल सापडला नाई. अन् मले माल पायजे. गुंजन, काल बाराले हिरवी खूण आली होती?"

"आली होती. रोज येत होती."

"म्हणजे माल कुठंतरी उतरत होता. पेटीत नाई, तर दुसऱ्या फळीवर." ती भूषणसमोर जाऊन बसली. आवाज एकदम मऊ झाला. "बाळा, तू दौलतरावाचा पोरगा. चालता पंप बंद कराचा तर आधी दुसरा पंप चालू कराचा, हे तुले बोलता येण्याआधी शिकवलं त्यानं. तू वहिनीची तार काढली, पण तिले उघड्यावर टाकली नसशीन. दुसरा पंप कुठं हाय?"

भूषणने मान वर केली. डोळे लालभडक होते.

"माया डिस्कवर, आत्या. पेटी नाई सापडली तर वहिनीचा लॅपटॉप बिनतारी माया डिस्कवर नक्कल टाकन, असं करून ठेवलं होतं म्या. लग्नसराईत माया फिल्मा पेटीत लवकर जाव्या, एवढंच पायजे होतं. चौदा मार्चले लग्नं सरली की तार परत लावून देणार होतो. रोज पाहात होतो, सगळं बरोबर येत होतं. खोटं नाई बोलत."

गुंजन उभी राहिली. "मंग द्या ना ती डिस्क!"

"ती डिस्क..." भूषण म्हणाला. "काल दुपारी एक वाजता म्या कस्टमरले देऊन टाकली. फिल्म त्याच्यावरच होती. घाईत ध्यानातच नाई राहिलं की वहिनीचंही त्याच्यावर हाय. चार वाजता चहा सांडला तवा आठवलं. टॅग कापला, तार लावली, पळत गेलो. घराले कुलूप होतं. तवापासून फोन लावून राहिलो. वाटलं, डिस्क आणतो अन् मंगच तोंड दाखवतो. अन् सकाळी बाबांनं फाटकाले कुलूप घातलं."

"कस्टमर कुठला?" शुभमने विचारलं. त्याने गाडीची किल्ली आधीच उचलली होती.

"भिलाई-३. गुलाबराव नावाचे हायेत. आज फिल्म पाहाले पाहुणे येणार हायेत त्यांच्याकडे. बारा वाजता." भूषणने घड्याळाकडे पाहिलं. "त्यांचा टीव्ही नवा हाय, आत्या. असे काही टीव्ही नवी डिस्क लावली की आधी ती पुसू का म्हणून विचारतात."

घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

६

सुपेल्याच्या चौकात ट्रकांची रांग अडली होती. शुभमने आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूने गाडी घातली आणि रेल्वेतल्या माणसाने नियम मोडला म्हणून एकदाही हळहळला नाही. मागे गुंजन, मैनाबाई आणि भूषण बसले होते. भूषण फोन लावत होता. गुंजन डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होती. मैनाबाईला आधी वाटलं देवाचं नाव असेल. नीट ऐकलं तर पोरगी पाचव्या प्रकरणातली वाक्यं आठवेल तशी म्हणत होती. मैनाबाईने तिचा हात घट्ट धरला.

गुलाबरावांच्या दारात अजून लग्नाचा मांडव होता. आत तीस-चाळीस पाहुणे दाटीवाटीने बसले होते. समोर भिंतभर टीव्ही, टीव्हीला लटकलेली काळी डिस्क आणि पडद्यावर इंग्रजीत मोठी पाटी. गुलाबराव हातात रिमोट घेऊन पाटीसमोर उभे होते. पाहुणे ओरडत होते, "दाबा ना, दादा! हो म्हणा!"

"दाबू नका!" गुंजन दारातून किंचाळली.

गुलाबराव सावकाश वळले. सहा फूट उंची, पांढऱ्या मिशा.

"दाबतो कशाले, बाई?" ते म्हणाले. "मालगाडीवर गार्ड होतो चाळीस वर्षं. जे वाचून समजलं नाई, त्याच्यावर झेंडी दाखवली नाई कवा. मघापासून हे लोक ओरडून राहिले अन् मी पोराच्या फोनची वाट पाहून राहिलो. तो नागपूरले, फोन बंद."

मैनाबाईला त्या अनोळखी माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण एवढ्या पाहुण्यांसमोर ती नुसती मोठ्यांदा हसली. भूषणने डिस्क काढली आणि स्वतःच्या लॅपटॉपला लावली. पाहुण्यांनी पंगतीसारखी गोल जागा करून दिली.

कप्पा उघडला. तीन मार्च, चार मार्च, पाच मार्च. एकामागून एक नकला होत्या. शेवटची चौदा मार्चची, दुपारी बारा वाजताची. पाचवं प्रकरण पूर्ण होतं. निष्कर्ष मात्र अर्ध्या वाक्यावर थांबला होता. बारानंतर चहा सांडेपर्यंत लिहिलेलं तेवढं गेलं होतं.

"चार तास गेले तुये," मैनाबाई म्हणाली.

"चार तासांचं ते डोक्यात हाय, आत्याबाई," गुंजन म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि बोटं चालवायला सुरुवात केली. आधी सगळी नक्कल तिने शुभमच्या फोनवर उतरवून घेतली. मग बबलूला फोन लावून, पेटीत आजच्या आज आणखी एक डिस्क बसवायला सांगितलं. मग अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं.

भूषण दाराशी उभा होता, मार खायला आलेल्या पोरासारखा.

"वहिनी, एकदा काहीतरी बोल ना. शिव्या दे. बाबांसमोर दे."

"देईन ना, भाऊजी," गुंजन म्हणाली. तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. "लय राग आला हाय मले, खोटं कायले बोलू? पण सोमवारी अकराले प्रबंध जमा होते. साडेअकराले तुमचा नंबर."